ओसरीचा परवाना

देवळीच्या डोमाजी झाडे यांची थोरली लेक सपना सेवाग्रामच्या दवाखान्यात जुन्या फायली सांभाळते. पेशंट आला की त्याची फाईल काढून द्यायची, गेला की जागच्या जागी लावायची. कामाला चोख, बोलायला गोड, आणि आतून, आता सांगायलाच हवं, पार बधिर. दीड वर्षापूर्वी वर्ध्याच्या कोर्टात तिचा घटस्फोट झाला, दोघांच्या संमतीनं. "स्वखुशीनं देता ना?" असं विचारलं गेलं, ती "हो" म्हणाली, आणि त्यानंतर तिला कशाचं काही वाटेनासं झालं. दात काढायच्या आधी हिरडीत सुई टोचतात, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. जेवण होत होतं, बस वेळेवर मिळत होती, पगार जमा होत होता.

लोकांना कारण हवं असतं. दारू, मारझोड, सासू, बाहेरची बाई, ह्यापैकी एक तरी. इथं काहीच नव्हतं. नवरा योगेंद्र कामडी, पुलगावचा, बुटीबोरीच्या एका कारखान्यात संगणकाच्या कामाला, मुलखाचा शांत माणूस. सात वर्षांत दोघांतलं बोलणं थोडं थोडं आटत गेलं आणि एक दिवस संपलं. पण एवढ्या कोरड्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवतो? म्हणून डोमाजींनी गावात "पोराचं डोकं बराबर नव्हतं" असं सांगून टाकलं. योगेंद्रचं डोकं चांगलं ठणठणीत होतं. आता तो पुलगावात एकटा राहतो.

त्या सात वर्षांत दोघांच्या संसारात जन्माला आलेली चीज एकच, ती म्हणजे ओसरी. दोन हजार वीस साली सगळं बंद पडलं होतं, तेव्हा पुलगावच्या दोन खोल्यांत सपनानं दुपारी बसून ती लिहिली. तिनं वर्ध्याला बीसीए केलं होतं आणि ते शिक्षण पोळपाटाखाली गेलं होतं. ओसरी हा गेम नव्हे. गेम बनवणाऱ्याला जे पहिल्यांदा मांडावं लागतं, तेवढंच ते सामान. एक खिडकी उघडते, मधोमध चौकोन दिसतो, बाणांच्या बटणांनी तो सरकतो, भिंतीला लागला की टक्क वाजतं. बस. पुढचं घर ज्याचं त्यानं बांधावं, म्हणून नाव ओसरी. कोडच्या तीनशे चाळीस ओळी आणि त्यांच्यात जागोजागी नवशिक्यासाठी तिनं इंग्रजीत लिहिलेल्या टिपा: इथं चुकलं तरी काही मोडत नाही, इथं आकडा बदलून पाहा, मजा येईल.

घरात लॅपटॉप एकच होता, योगेंद्रचा. त्याच्यावर आधीपासून त्याचं नाव भरलेलं. म्हणजे सपनानं ओळ लिहिली की नोंद पडायची योगेंद्रच्या नावानं. इंटरनेटवर ठेवली तीही त्याच्याच खात्यावर. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नवऱ्याच्या मोबाईल नंबरावर बायकोचा गॅस बुक होतो, तिथं ह्याचं काय मोठं!

पाच वर्षं ओसरी तशीच पडून होती. आणि गेल्या जानेवारीत, घटस्फोटानंतर चौदा महिन्यांनी, योगेंद्रचा निरोप आला: "ओसरीबद्दल बोलायचं होतं. वेळ असल्यास." कोइमतूरच्या एका कॉलेजातल्या बाईंनी त्याला लिहिलं होतं, की तुमची ओसरी आमच्या मुलांना वापरायची आहे, पण तुम्ही परवाना लावलेला नाही, आणि परवान्याशिवाय आमचं कॉलेज वापरू देत नाही. वस्तू उघड्यावर ठेवली म्हणजे ती सगळ्यांची झाली असं आपल्याला वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. करणाऱ्यानं लिहून दिल्याशिवाय ती करणाऱ्याचीच राहते. कोणता परवाना लावायचा, एवढंच योगेंद्रला विचारायचं होतं.

रेकॉर्डच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सुरभीनं निरोप वाचला. सुरभी म्हणजे तोंडाला कुलूप नसलेली पोरगी.

"ताई, नाव तं सगळीकडं त्याचंच दिसते ना?"

"हो."

"मंग तुमाले काऊन विचारून राह्यला तो? आयत्या बिळावर नागोबा! टाकाचं असतं तं टाकलं असतं आपल्या मनानं."

"तोच तर," सपना म्हणाली. "टाकलं नाही ना त्यानं."

सपनानं त्या दिवशी जेवणाच्या सुटीत परवान्यांची माहिती वाचली. वाचताना तिला आपली जुनी सवय हाताला लागल्यासारखं झालं, तेवढंच.

संध्याकाळी डोमाजींनी विषय काढायला लावला. निरोप कोणाचा आला हे घरात लपत नाही. त्यांच्या डोक्यात कापूस आणि सोयाबीन, पण बाप म्हणून सगळं समजून घ्यायची हौस दांडगी. सपनानं त्यांना समजावलं. एक परवाना असा असतो, की तुम्ही ओसरी घ्या, पण तिच्यावर जे बांधाल तेही लोकांना असंच उघडं ठेवा.

"ओसरी घेतली म्हून पूरं घरच उघडं ठेवाचं?" डोमाजी म्हणाले. "असं कोनी करते का?"

"म्हणून तो नको. एवढ्याशा सामानाला तो कोणी लावत नाही. दुसरा आहे एमआयटी. घ्या, वापरा, विका, काही करा. फक्त करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आहे ती काढू नका. जिथं जिथं ओसरी जाईल तिथं ती चिठ्ठी जाईल. आणि तिसरा झिरो. घ्या, आणि चिठ्ठीही नको."

"चिठ्ठीवर कोनाचं नाव राहीन?"

"दोघांचं. माझं आणि त्याचं."

डोमाजी सुपारी कातरायचे थांबले. "संगं?"

"हो."

"किती दिवस?"

"कायमचं. एकदा दिलेला परवाना मागं घेता येत नाही."

"मंग कोर्टात कायले गेलतो आपन?" डोमाजी उसळले. "चार तारखा, दोन वकील, अन् आता तुह्यं नाव त्याच्या नावाले बांधून साऱ्या दुनियेत फिरवतं? झिरो टाक. नावच नको. किस्सा खतम."

डोमाजींचा हा नेम जुनाच. घटस्फोटानंतर आंदणाची भांडी टेम्पोत घालून परत आणली, तर प्रत्येक गंजपातेल्यावर, प्रत्येक परातीवर कोरलेलं: चि. योगेंद्र व चि. सौ. कां. सपना. भांडी दणकट, पण वापरायची कशी? आल्यागेल्याला त्यातच पाणी द्यायचं? डोमाजी दोन घागरी घेऊन भांडीवाल्या ओमप्रकाशकडे गेले, नावं घासून दे म्हणाले. तो म्हणाला, काका, घासतो, पण तिथं भांडं पातळ होईल आणि डाग तर दिसेलच. मग डोमाजींनी सगळीच मोडीत घातली. त्यात सपनाच्या आजीनं दिलेला पितळी डबाही गेला, ज्याच्यावर एकट्या सपनाचं नाव होतं. हे घरी आल्यावर कळलं. प्रमिलाबाई, म्हणजे सपनाची आई, दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. सपनाला मात्र काही वाटलं नव्हतं.

आताही प्रमिलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "का व सपना, लिवलं कोनं ते?"

"मी."

"पूरं?"

"पूरंच म्हण."

"मंग झिरो कायचा?" असं म्हणून त्या भाकर उलटायला आत गेल्या. बाईचं बोलणं घरात दोघांनीही ऐकलं आणि दोघांनीही सोडून दिलं.

शनिवारी योगेंद्र सेवाग्रामला आला. दवाखान्याबाहेरच्या कॅन्टीनमध्ये बसले. तो थोडा वाळला होता. चहा मागवताना त्यानं विचारलं, "तुम्ही आलूबोंडा घ्याल?"

तुम्ही. सात वर्षं ज्या माणसानं अगं, तू, ऐक ना केलं, त्यानं तुम्ही म्हटलं. सपनाच्या ते ध्यानात आलं. दुखलं पाहिजे होतं, आणि दुखत नाही, हेही ध्यानात आलं. ती म्हणाली, "फक्त चहा."

योगेंद्रनं लॅपटॉप उघडला. माणूस सरळ होता, तयारी करून आला होता. "मले वाटते एमआयटी टाकावा. दोघांचं नाव. काम तर तुमचंच आहे, माझं त्यात आवाजाचं थोडंसं. पहिलं नाव तुमचं." त्यानं बिलाच्या मागं लिहून दाखवलं: सपना योगेंद्र कामडी.

"मी आता कामडी नाही."

"पन लिहिलं तेव्हा होत्या ना?"

"होते."

"मंग असं?" त्यानं खाली लिहिलं: सपना डोमाजी झाडे.

"हे नाव होतं तेव्हा मी ओसरी लिहिली नव्हती."

दोघं त्या दोन ओळींकडं बघत राहिले. आपल्याकडं बाईच्या नावात मधोमध एक गडी उभा असतोच, आधी बाप, मग नवरा, आणि नवरा उठला की पुन्हा बाप येऊन बसतो. योगेंद्रनं हळूच सुचवलं, की नुसतं 'ओसरीचे कर्ते' असंही टाकतात लोक. किंवा मी बाजूला होतो, एकट्या तुमचं टाकू, जसं सांगाल तसं. तो खरंच देत होता. हात पुढं करून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

आणि सपनाला त्या क्षणी फक्त कंटाळा आला. नाव ठरवा, बापाला समजवा, उद्या दुसरं स्थळ आलं आणि त्यांनी शोधून पाहिलं तर त्यांनाही समजवा. कोर्टात आला होता तसलाच कंटाळा. तिथंही एका शब्दात सुटका झाली होती.

"झिरो टाका," ती म्हणाली.

"नक्की? मंग कोनी नाव नाई लावलं तर आपल्याले काही म्हनता येनार नाई."

"टाका."

त्यानं परवान्याचा कागद ओसरीत घातला आणि बोट बटणावर धरून तिच्याकडं बघितलं. "दाबू?"

"दाबा."

दाबलं. चहाचे पैसे त्यानं दिले, तिनं देऊ दिले. जाताना तो "येतो" म्हणाला आणि वर्ध्याच्या ऑटोत बसला. सपना पुन्हा फायलींत जाऊन बसली. घरी सांगितल्यावर डोमाजी खूश झाले आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

मार्च उजाडला. एका संध्याकाळी सपना देवळीच्या बसमध्ये खिडकीला बसली होती, बस अजून वर्ध्याच्या स्टँडवरच होती. योगेंद्रचा निरोप आला. कोइमतूरच्या बाईंचं पत्र त्यानं जसंच्या तसं पुढं पाठवलं होतं. एकेचाळीस मुलांनी ओसरीवर एकेचाळीस गेम बांधले. कोणाचा फणस गोळा करायचा, कोणाचा बस चुकवायचा. मुलं म्हणतात, आतापर्यंत आम्हाला प्रत्येक पुस्तकानं घाबरवलं, ह्यानं नाही. "विशेषतः त्या छोट्या टिपा. चुकलं तरी काही मोडत नाही, हे वाचून एक मुलगी रडली. किती मायेनं लिहिलंय, सर. एखाद्या पुरुषाला इतकं सुचावं ह्याचं नवल वाटतं. तुमच्या औदार्याबद्दल आभार, योगेंद्र सर."

खाली योगेंद्रची ओळ होती: "तुम्ही नाव नको म्हनाल्या म्हनून मी काही कळवलं नाही. कळवू का?"

सपनानं पत्र पुन्हा वाचलं. सर. पुन्हा वाचलं. सर. तिचे कान तापले. छातीत काहीतरी वर चढायला लागलं आणि ते काय आहे हे ओळखायला तिला अंमळ वेळच लागला, कारण दीड वर्षात त्याची गाठ पडली नव्हती. तो राग होता. योगेंद्रवर नव्हता, त्या बिचाऱ्या बाईंवरही नव्हता. त्याचं देणं त्यानं पुढ्यात ठेवलं होतं, हिनंच सरकवून दिलं होतं. ती दुपार, ते पत्र्याचं तापलेलं छत, घामानं ओला झालेला पदर खोचून ती एकेक टीप लिहीत होती आणि स्वतःशीच हसत होती, ते सगळं तिला आठवलं आणि पितळी डबाही आठवला, आणि ती भर बसमध्ये रडायला लागली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय झालं व माय, कोनी गेलं का?" सपनानं मान हलवली. नाही.

झिरो दिला होता. नाव लावा म्हणून आता कोणावर जोर चालणार नव्हता. पण सांगायला कोणाची बंदी होती? तिनं योगेंद्रला उत्तर दिलं नाही. पत्रावर बाईंचा ईमेलचा पत्ता होता, त्याच्यावर थेट लिहायला घेतलं. आधी "त्रास देते, माफ करा" असं लिहिलं आणि मग खोडलं. राहिलं ते एवढंच: ओसरी योगेंद्र सरांनी लिहिलेली नाही. त्या टिपा माझ्या आहेत. मी त्या दोन हजार वीस साली पुलगावच्या घरी लिहिल्या. तुमच्या मुलांना सांगा, आणि जी मुलगी रडली तिला आधी सांगा.

पाठवलं. बस हलली, कंडक्टर तिकिटं फाडत मागून पुढं आला. सपना पैसे काढायला पर्समध्ये हात घालते तो तिला एकदम आठवलं, की रागाच्या भरात खाली नाव टाकायचंच राहिलं. तिनं कंडक्टरला "थांबा जरा" म्हटलं, मोबाईल पुन्हा उघडला, दुसऱ्या निरोपात 'सपना' एवढंच लिहिलं आणि तेही पाठवून दिलं.