ईदनंतर ये

"उद्या सुट्टी हाय. कुनाचं काय असलं तर आत्ताच सांगा."

सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या कारखान्यात हे वाक्य प्रत्येक मशीनपाशी ऐकू यायचं. ते म्हणणारे काका, सगळेच त्यांना काका म्हणत, आमचे टाइमकीपर होते. हजेरी, पाळ्या, रजा, सगळं त्यांच्याकडे. मी स्टोअरमध्ये होतो. मला कुलूप लावायची घाई आणि नेमके तेव्हाच ते दारात उभे. "तुमचं काय, साहेब?" माझं काही नसायचं. तरी मी काहीतरी लपवतोय अशा संशयानं ते जरा वेळ थांबत.

सुट्टीची अशी धास्ती घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी तरी दुसरा पाहिला नाही.

काकांची बारा वर्षं आखातात गेली होती. एका बांधकाम कंपनीत, हेच काम. तिथल्या वेळापत्रकाच्या गोष्टी ते रंगवून सांगत. आठवडा शनिवारी सुरू, सुट्टी शुक्रवारी. रमजानमध्ये दिवसाला सहाच तास काम. ईद उद्या की परवा, हे चंद्र दिसेपर्यंत मॅनेजरलाही ठाऊक नसे. दिवाळीला मात्र कामाचा दिवस. "चौदा एप्रिललाबी माझी हजेरी मीच लावली," असं म्हणून ते हसायचे. रविवारी डबा घेऊन निघायची त्यांची सवय इथं आल्यावरही गेली नाही, आणि त्यावरून आम्ही त्यांची भरपूर चेष्टा केली.

कारण सुट्टीच्या दिवशी ते खरोखरच कारखान्यात येत. चौदा एप्रिललासुद्धा, सकाळी पुतळ्याला हार घालून, पांढऱ्या कपड्यांतच. टाइम ऑफिसात खुर्ची असताना बाहेर पायरीवर बसत. घरात सुनेशी पटत नसावं, अशी माझी समजूत. अशा समजुती करून घ्यायला मी फार हुशार.

मग दुष्काळाची वर्षं आली. शहर वाढतच होतं. कारखान्यामागच्या ज्वारीच्या शेतात रो-हाउस उभी राहिली आणि त्यांच्या दारात टँकरसाठी ड्रम. आम्हालाही पाणी पुरेना, तेव्हा मालकांनी आठवड्यातून दोन दिवस कारखाना बंद ठेवायचं ठरवलं. त्याला आम्ही 'पाण्याची सुट्टी' म्हणू लागलो. आम्ही आतून खूश होतो. काका मात्र त्या वर्षांत वाळत चालले.

अशाच एका दिवशी विसरलेला चष्मा न्यायला मी गेलो, तर हे पायरीवर.

"घरी जा की, काका," मी वैतागून म्हणालो. "बंद कारखान्यात कोण येणार आहे?"

"आणि आला म्हंजे?"

मग त्यांनी सांगितलं. तिकडं ईदच्या पहिल्या दिवशी सकाळी रशीद नावाचा गवंडी त्यांच्याकडे आला होता. आपल्या फर्दापूरचा. घरून फोन होता, वडील सीरियस आहेत, लगेच निघ. त्याला पासपोर्ट हवा होता. सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असत आणि मॅनेजरच्या सहीशिवाय द्यायचे नाहीत असा नियम होता. मॅनेजर सुट्टीवर गेलेला.

"'ईदनंतर ये' म्हनलं मी त्याला. किल्ली माझ्या खिशात व्हती, साहेब. नोकरीला घाबरलो. चार दिवस तो ऑफिसच्या पायरीवर बसून व्हता, ईदचे नवे कपडे घालून. मी त्याच्यासमोरून जेवायला जायचो."

ऑफिस उघडलं त्या दिवशी रशीद गेला, तो परत आलाच नाही. "बापाचं तोंड दिसलं का नाय, कोन जाने." काका दोनदा फर्दापूरच्या एसटीत बसले होते. दोन्ही वेळा वाटेतच, सिल्लोडला उतरून माघारी आले.

मी चष्मा घेतला आणि निघालो. चला, मी येतो तुमच्याबरोबर, एवढं म्हणायला काय झालं होतं मला? अजूनही सुट्टीच्या दिवशी जेवताना मधेच ते आठवतं.

काका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात हृदयविकारानं गेले. त्यानंतर मी एकटाच फर्दापूरला गेलो. बहुतेक त्यांच्या वतीनं माफी मागायला.

रशीदभाई सापडायला वेळ लागला नाही. लेणी बघायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकायचं त्यांचं दुकान होतं. आखातातल्या टाइमकीपरचा विषय काढताच त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. मी अडखळत किल्लीची गोष्ट सांगितली.

"अब्बा तर फोनच्या आदल्या दिवशीच गुजरले व्हते," ते म्हणाले. "मिट्टीबी झालती. परदेशातल्या मानसाला 'गेले' असं कुठं सांगतेत आपल्याकडं? सीरियस हाय म्हनतेत. मला घरी आल्यावर कळलं. त्यांनी तवाच कपाट उघडलं असतं तरी काय व्हनार व्हतं? लई वाटायचं, येकदा त्यांना भेटून सांगावं. पत्ता नव्हता." मग हसून त्यांनी विचारलं, "कसे हायेत आता?"

चहाचा ग्लास हाताला चटके देत होता.

"सीरियस आहेत," मी म्हणालो.

रशीदभाई माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दुकानातला रेडिओ बंद केला, डोक्याला रुमाल बांधला आणि दोन्ही तळवे समोर धरून ते ओठातल्या ओठात दुआ म्हणू लागले.