पेटारीचं फूल

नातीने अंगणाच्या कडेचं पेटारीचं हिरवं फळ तोडलं आणि परातीतल्या ओल्या कणकेवर दाबलं. नाजूक आऱ्यांचं चाक उमटलं, आणि मी बाळापूरजवळच्या आमच्या वावरात जाऊन पोचले, नवी नवरी होऊन.

सातासमुद्रापार कुठे लढाई लागली होती म्हणे. इकडे कापसाला असा भाव चढला की सासऱ्यांनी विहिरीजवळची सासूबाईंची वांगी-मिरची उपटून तिथेही कापसाची पऱ्हाटी लावली. सासूबाईंनी उपटलेली रोपं एकेक करून गोळा केली.

माझं माहेर भाजीमळ्याचं. कापूस मी फक्त वातीत पाहिलेला. निंदताना एक रोप पऱ्हाटीचंच समजून मी मोठ्या मायेने राखलं. त्याचं पान मखमलीसारखं होतं, नुसतं बोट फिरवत बसावं असं.

एका दुपारी ऊन कलताना त्याला पिवळं फूल उमललं. सगळं वावर पेंगत होतं. मी बघतच राहिले. सासूबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

"पऱ्हाटीचं फूल सकाळी उमलते, पोरी. हे दिवस कलल्यावर उमललं. पेटारी होय हे. तण."

मी लाजून ते उपटायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे त्याले. साऱ्या वावरात हे एकच बाजारात इकाचं नाही."

तेव्हा मला तो टोमणाच वाटला. आज त्यांच्या वयाची झाल्यावर आठवतं, हे बोलताना सासूबाई फुलाकडे बघत नव्हत्या. विहिरीजवळ जिथे त्यांची वांगी-मिरची होती, तिकडे बघत होत्या.