दुधरामच्या नंदीचं वशिंड

माणसाचं दुखणं बघायला डॉक्टर आहे. केशोरीत लाकडाचं दुखणं बघायला दुधराम वाढई, म्हणजे सुतार, आहे. सत्तरी उलटल्यावर रंधा मारताना दम लागायला लागला, तेव्हा त्यानं नवीन कामं सोडली आणि फक्त भोकं बुजवायचं खातं स्वतःकडे ठेवलं. त्या खात्याचा मात्र तो मंत्रीच. कुणाच्याही घरी चहाला गेला की चहा येईपर्यंत चौकट टकटक वाजवून बघणार.

त्याचे कायदे अख्ख्या गावाला पाठ होते. खिळ्याचं बारीक भोक असेल तर मेण. वरून रंग मारायचा असेल तर लांबी, म्हणजे पुट्टी. पॉलिश करायचं असेल तर त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून, आणि तोही पातळ थरानं. बोट आत जाईल एवढं भोक असेल तर कालवाकालवी बंद, सरळ लाकडाची गुट्टी ठोकायची. कुणी घाई केली की दुधराम म्हणायचा, "एक थर सुकल्याबिगर दुसरा भरायचा नाही. घाई असंन त पलंग विक आन् चटईवर झोप."

असा हा माणूस यंदा स्वतःच घाईत सापडला.

बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं आपापले लाकडाचे नंदी सजवून, दोरीनं ओढत मैदानात आणतात; उत्तम नंदीला बक्षीस असतं. दुधरामची सात वर्षांची नात गुंजन यंदा पहिल्यांदाच जाणार होती. तिच्यासाठी माळ्यावरून सागाचा नंदी काढला. तिचा बाप गजेंद्र लहान असताना दुधरामनं तो त्याच्यासाठी घडवला होता. नंदीची शिंगं, शेपूट, चाकं सगळं शाबूत होतं, पण वशिंड भुंग्यानं असं पोखरलं होतं की आत मूठ जावी.

गजेंद्र आता धानाच्या बियाण्याचा दुकानदार. त्यानं एकदा नंदीकडे पाहिलं आणि निकाल दिला. "बाबा, याले चुलीत घाला. गोंदियाले फायबरचा भेटते. डोळ्यात लाईट बी लागते."

चुलीचं नाव ऐकून दुधरामचं टाळकंच सरकलं. "उद्याच्या पोळ्यात याचं वशिंड टिकलं नाही, त खुशाल आणजो तुहा फायबर! मंग मीच घालतो याले चुलीत!"

बोलून तर बसला. आता गुट्टी कापायची, तर पावसानं घरातला साग ओला. फेविकॉलचा डबा उघडला, तर झाकण नीट न लावल्यामुळे आत दगड झालेला. पोळ्यामुळे दुकानं बंद. शेवटी त्याची नजर पडली रुख्माच्या पेजेच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर. तळाशी चिकटलेली पेज खरवडताना बायकोनं चाळीस वर्षं त्याचा उद्धार केला होता. जी गंजाला सोडत नाही, ती लाकडाला काय सोडणार? त्यानं घट्ट पेज घेतली, त्यात सागाचा भुसा घातला आणि चिकटपणा वाढावा म्हणून गुळाचा एक मोठा खडा.

रुख्मा कमरेवर हात ठेवून बघत होती. "का जी, नंदी दुरुस्त करून राहिले का अनारसे करून राहिले?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले? पेजेतलं समजते ना!"

दुधरामनं एकाच दमात अख्खं भोक भरलं, चुलीजवळ शेकलं, काचकागदानं घासलं, वरून जवसाच्या तेलाचा हात दिला. सकाळी वशिंड असं झळकत होतं की गजेंद्रनंसुद्धा वर दोनदा हात फिरवला.

मैदानात पहिल्यांदा मुंग्या आल्या. गुंजननं त्या फुंकून उडवल्या. मग शेजारच्या शामकलाची बकरी आली. तिनं हुंगलं, विचार केला आणि वशिंड चाटायला सुरुवात केली.

"शामकला, तुही बकरी आवर वो!" दुधराम ओरडला.

"माही बकरी कायले आवरू? तुमचा नंदी गोड काऊन लागते, थे सांगा पहिले!"

तेवढ्यात बकरीनं एक हिसका दिला आणि वशिंडातला अख्खा गोळाच तोंडात धरून पळाली. बकरीमागे शामकला, शामकलामागे धोतर सावरत दुधराम, आणि सगळ्यांमागे खडखड खडखड नंदी ओढत, किंचाळत हसणारी गुंजन. ही वरात परीक्षकांच्या टेबलाला दोन चकरा मारून थांबली, तेव्हा तो गोळा बकरीच्या पोटात गेला होता.

परीक्षक भैयाजी, रिटायर हेडमास्तर. त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "दुधरामभाऊ, भरलं काय होतं जी?"

पळून जायला जागा नव्हती. दुधराम जमिनीकडे बघत म्हणाला, "पेज." मग आणखी हळू, "आन् गूळ."

मैदान असं हसलं, असं हसलं की लाऊडस्पीकरवाल्याला गाणं बंद करावं लागलं. पहिलं बक्षीस टिंकू नावाच्या पोराच्या लाईटवाल्या फायबरच्या नंदीला गेलं.

"मंग गुंजे," गजेंद्र म्हणाला, "आणू ना फायबरचा?"

गुंजननं टिंकूच्या नंदीकडे एकदा नीट पाहिलं. "नोको. त्याच्या मांगं कोनीच नाही धावलं."

मग ती बोजारा मागायला निघाली. तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन आलेल्या पोराच्या हातावर घरोघरी काहीतरी ठेवतात, तो बोजारा. त्या दिवशी तिला सगळ्यांनी दुप्पट दिला. हातात मावेना, तेव्हा तिनं चॉकलेटं, बिस्किटं, चिल्लर सगळं वशिंडाच्या भोकात कोंबलं.

घरी आल्यावर दुधराम तिच्या कानाशी वाकला. "बेटा, पाऊस उघडू दे. सागाची अशी गुट्टी ठोकतो, सांधाबी नाही दिसन."

"खबरदार, आबाजी! मंग चॉकलेट कुठं ठेवू?"

आता नंदी बैठकीत टीव्हीशेजारी उभा असतो. जाता-येता दुधराम त्या उघड्या भोकाकडे बघतो आणि त्याचा जीव कासावीस होतो. परवा राहवलं नाही म्हणून त्यानं कड किती झिजलीय ते बघायला फक्त एक बोट आत घातलं, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "आई वो, आबाजी माहे चॉकलेट चोरून राहिले!"