सतरा नंबरचं जॅकेट

ती घटना आठवली की मला आधी आमच्या पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणातला निळा पिंप दिसतो. जीप धुण्यासाठी तो कायम भरलेला असायचा. त्या दुपारी त्याच्याभोवती आम्ही चार माणसं घड्याळाकडे बघत उभे होतो.

पोलीस खातं सोडून मला आता दोन वर्षं झाली. का सोडलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेव्हा मी नाशिक शहरातल्या त्या ठाण्यात उपनिरीक्षक होते, नोकरीचं दुसरं वर्ष होतं. शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे पंचनाम्याची मराठी मला जड जायची, आणि बोलणंही मुळात कमी. माझ्यासोबत एक जुने हवालदार काम करायचे. मी त्यांना काका म्हणायचे. माझा प्रत्येक कागद वाचून ते म्हणायचे, "मॅडम, 'सदर' घाला. 'सदर' असल्याशिवाय कोर्टाला पटत नाही."

त्या महिन्यात परदेशात एका पर्यटक जहाजाला अपघात झाला होता. कललेल्या जहाजाचा व्हिडिओ ज्याच्या त्याच्या मोबाइलवर होता. नाशिकला समुद्र नाही, पण मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची आवड आमच्याकडे चांगलीच रुजली होती. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, लासलगावचे कांदा व्यापारी, सगळे जात होते. अपघातानंतर ते एकदम थांबलं. आमच्या हद्दीतल्या एका टूरवाल्याच्या ऑफिसवरून माझा रोजचा रस्ता होता. पूर्वी तिथे लोक जहाजाचे फोटो बघत उभे असायचे, आता बुकिंग रद्द करायला रांग लागायची.

मग एक दिवस त्याच्या काचेवर बोर्ड लागला. 'जहाजाच्या भरवशावर राहू नका. आमच्या प्रत्येक प्रवाशाला स्वतःचं लाइफ जॅकेट.' खाली एका पुतळ्याच्या अंगात नारंगी जॅकेट. आठवड्याभरात लोक परत आले.

काकांची थोरली बहीण त्यांच्यातच होती. निवृत्त मुख्याध्यापिका, एकटी राहणारी. व्हिडिओ बघून तिने जायचं रद्द केलं होतं. काकांनी तिला त्या ऑफिसात नेलं, जॅकेट अंगात घालून दाखवलं आणि तयार केलं. "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांच्या सहली नेल्या तिनं," ते मला म्हणाले होते. "एक तरी स्वतःची होऊ द्या."

अडतीस जणांची बस पहाटे मुंबईला निघाली. अकराच्या सुमारास आमच्या पोलीस ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदार जेवणाचा डबा गरम करायला गेला होता, म्हणून मी उचलला.

"पोलीस टेसन हाय का?" बाईचा आवाज होता, घाबरलेला. "ते नारंगी जाकीट हाय ना, बोटीवाल्यांचं. ते पाण्यात नका घालू देऊ कोणाला."

"का? काय झालंय त्याला?"

"एकाला तेलाचा डाग पडला व्हता, म्हणून धुवायला टाकलं. बादलीतून उचलंना मॅडम. लय जड झालं. माणूस बुडंल त्यानं."

"तुम्ही कुठून बोलताय?"

फोन बंद झाला. मी वेळ टाकून स्टेशन डायरीत नोंद केली. निनावी खबर म्हटलं की ठाण्यात लोक हसतात, कारण दहातल्या नऊ शेजाऱ्याचा सूड घ्यायला केलेल्या असतात. पण सूड घेणारा माणूस आरोप करतो, नाव घेतो. या बाईने कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. तिने फक्त एक बादली सांगितली होती.

काकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी मोबाइल काढून पहाटेचा फोटो दाखवला. बससमोर उभे असलेले सगळे प्रवासी, अंगात नारंगी जॅकेट, आणि पुढच्या रांगेत हात जोडलेली बहीण. मी फोटो मोठा केला. प्रत्येकाच्या छातीवर १७ हा आकडा होता.

"हे सगळ्यांवर सतरा का?"

"ग्रुपचा नंबर असेल."

मला आधीच्या वर्षीचा धरणावरचा बंदोबस्त आठवला. बोटिंगच्या ठिकाणी जॅकेटं ओळीने टांगलेली असतात आणि प्रत्येकावर वेगळा आकडा असतो, म्हणजे परत आली की मोजता येतात. मी तिथल्या बोटवाल्याला फोन लावला आणि सतरा नंबर जागेवर आहे का विचारलं.

"सतरा? ते नाहीये ना मॅडम. एक टूरवाला घेऊन गेला, फोटो काढायचा म्हणाला. महिना झाला. तुम्हाला सापडलं का?"

मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठ निरीक्षकांनी, सगळं शांतपणे ऐकलं. घड्याळात साडेबारा झाले होते. चार वाजता जहाजावर चढणं बंद होणार होतं.

"तुमच्याकडे काय आहे? एक निनावी फोन आणि एक आकडा," ते म्हणाले. "मी मुंबईला कळवलं आणि खोटं निघालं, तर काय होईल माहितीये? लोक आधीच घाबरलेत. पोलिसांनी बोट थांबवली एवढंच पसरेल. या माणसाचा धंदा बसेल, आणि उद्या खरी खबर आली तरी आपलं कोणी ऐकणार नाही. पुरावा आणा. मी फोन हातात घेऊन बसतो."

टूरवाल्याला चौकशीसाठी बोलावलं. ऑफिसात उरलेली दोन जॅकेटं पंचांसमोर ताब्यात घेतली. माणूस मोठा गोड होता. आल्या आल्या काकांना म्हणाला, "ताईंची खिडकीची केबिन करून दिलीय बरं का." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही नवीन दिसता. जॅकेटं मुंबईच्या कंपनीची आहेत. लेबल बघा, तपासणीचा शिक्का बघा."

मी बघितलं. दोन्ही जॅकेटांवर तेच लेबल, तोच अनुक्रमांक. मी काही बोलले नाही. चौकशीत गप्प बसणं हे कौशल्य असल्याचं नंतर वरिष्ठांनी सांगितलं. तेव्हा मला फक्त पुढचा प्रश्न सुचत नव्हता. पण समोरचा थांबेना.

"सतरा हा ग्रुपचा नंबर आहे."

"आधीचे सोळा ग्रुप कधी गेले?"

तो हसला. "म्हणजे... शुभ आकडा आहे हो."

"चला," मी म्हणाले आणि जॅकेट उचलून मागच्या अंगणात गेले.

काकांनी जॅकेटच्या पट्ट्याला एक वीट बांधली आणि ते पिंपात सोडलं. साहेबही बाहेर येऊन उभे राहिले. जॅकेट वीट घेऊन छान तरंगलं.

"बघा!" टूरवाल्याने टाळी वाजवली. "उगाच बिचाऱ्या ताईंना घाबरवलं असतं तुम्ही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बाईचं 'बादलीतून उचलंना' एवढं एकच वाक्य माझ्याजवळ होतं. धुवायला टाकलेला कपडा लगेच उचलत नाहीत, भिजू देतात.

"थोडं थांबूया," मी म्हणाले.

दोन मिनिटं गेली. शिवणीतून बारीक बुडबुडे यायला लागले. टूरवाला मुंबईच्या कंपनीबद्दल बोलत होता, तो हळूहळू गप्प झाला. चौथ्या मिनिटाला जॅकेटची एक बाजू कलली. काका पिंपाची कड धरून वाकले होते. सातव्या मिनिटाला कॉलर पाण्याखाली गेली. मग काहीही आवाज न करता सगळं जॅकेट तळाशी जाऊन बसलं. पाण्यात नारंगी रंग दिसत राहिला.

साहेब फोन करायला आत धावले. काकांनी बाही वर करून जॅकेट बाहेर ओढलं, त्यांना दोन्ही हात लावावे लागले. मी शिवण कापली. आत गादीत असतो तसा स्पंज होता.

टूरवाला पायरीवर बसला. "मॅडम, ते घालायचं नव्हतंच," तो म्हणाला. "जहाजावर खरी जॅकेटं असतात की! भरपूर असतात. हे फक्त हातात द्यायला. लोकांना धीर हवा होता, मी धीर दिला. त्यात कोणाचं काय बिघडलं?"

काकांचा आवाज चढला नाही, हीच गोष्ट मला भीतीदायक वाटली. "तुम्ही माझ्या बहिणीला सांगितलंत, जहाजाच्या भरवशावर राहू नका. ती शिस्तीची बाई आहे. वेळ आली असती तर जहाजाचं जॅकेट बाजूला सारून तिनं हेच घातलं असतं. बाकीच्या सदतीस जणांनाही घालायला लावलं असतं."

त्यावर टूरवाल्याने मान खाली घातली ती जबाब संपेपर्यंत वर केली नाही. त्याच्या मनात हा विचार खरोखरच आला नव्हता, असं मला आजही वाटतं. तरी गुन्हा तो गुन्हाच.

काकांच्या बहिणीचा फोन तीन वेळा लागला नाही. चौथ्यांदा लागला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ती रांगेत उभी होती. तोवर बंदरातले पोलीस तिथे पोचून जॅकेटं गोळा करत होते. काकांनी सगळं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला. काकांनी तो ऐकला आणि फोन माझ्या हातात दिला. "ती विचारतेय, आता जाऊ का नको. मी एकदा जा म्हणालो होतो. आता माझ्याच्यानं नाही सांगवत."

"पोरी," पलीकडून खणखणीत आवाज आला, "तू सांग. ते जहाज चांगलं आहे का?"

हो म्हणाले असते तर त्या माणसाने केलं तेच मी केलं असतं. "मावशी, जहाजाचं मला काही माहीत नाही," मी म्हणाले. "मला फक्त हे जॅकेट बुडतं एवढं माहीत आहे. चढलात तर सुटण्याआधी जहाजवाले बचावाची कवायत घेतात, तिथे खरं जॅकेट दाखवतात. ते हात लावून बघा. पटलं नाही तर उतरा."

त्या दिवशी निम्मे लोक परत फिरले. ती गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही विंचूरला गेलो. जॅकेटं शिवणाऱ्याचा पत्ता टूरवाल्याच्या जबाबात आला होता. वाइन पार्कातल्या कारखान्यांसाठी बाटल्यांच्या स्पंजच्या पिशव्या शिवणारी एक शेड, तिथे सात-आठ बायका मशीनवर बसलेल्या. मालकाला फोटोसाठी हवीत असं सांगून काम दिलं होतं. नमुन्याचं जॅकेट भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं.

"नमुना दिला तसा शिवला," एक बाई म्हणाली. आवाज मी लगेच ओळखला. "टाका न् टाका तसाच हाय बघा. त्यावर सतरा व्हतं, आम्ही सतरा छापलं. आत बाटल्यांना भरतो तेच भरलं. पाण्याचं कोणी बोललंच नाय."

"मग कळलं कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. "कळलं तव्हा कळवलं कोणीतरी," ती म्हणाली. जबाबात मी तेवढंच लिहिलं. काकांनी कागद वाचला आणि प्रथमच 'सदर' घालायला सांगितलं नाही.

पाच दिवसांनी त्यांची बहीण ठाण्यात आली, उन्हाने काळवंडलेली आणि खुशीत. कवायतीच्या वेळी तिने जहाजावरच्या माणसाला सांगून एक जॅकेट पोहण्याच्या हौदात टाकायला लावलं होतं. दहा मिनिटं घड्याळ लावून उभी राहिली. "नुसता हसत होता मेला," ती म्हणाली. "पण नंतर आमच्या ग्रुपच्या सगळ्यांनी त्या हौदाशी येऊन बघितलं. मग कुठे जेवण गेलं लोकांना."

घाबरलेल्या माणसाला धीर देणं सोपं असतं, आणि लोक तो हातात आला की उलटून बघत नाहीत, मीही बघितला नसता. नंतर नोकरीत कोणी मला 'काही होणार नाही ना' असं विचारलं की मी जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचे. काहींना ते कोरडं वाटलं असेल.

धरणावरचा बोटवाला मला अधूनमधून फोन करायचा, त्याचं जॅकेट कधी मिळेल म्हणून. खटला चालू आहे, सांगायचे. ते अजूनही मुद्देमाल खोलीत आहे, नंबर लावलेल्या पिशवीत, बाकीच्या चाळिसांच्या ढिगाखाली. त्या सगळ्यांत तरंगणारं तेवढं एकच.