अम्मी कोणाच्या फॉर्मात

त्या शुक्रवारी सौदीतल्या जिद्द्यात वारा मुळीच नव्हता. समुद्राकडची दमट हवा अझीझियाच्या गल्लीत ठाण मांडून बसली होती. जुलै संपत आला, की नमाजनंतर अन्वर अकाउंटंट माझ्या टेलरिंगच्या टेबलावर लॅपटॉप मांडतो आणि आपल्या लोकांचे भारतातले इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतो. मी काजं करत ऐकतो. दुकानात चिंध्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

इथे इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, जितकी माणसं, तितकी सरकारी फी. तिथे रिटर्नमध्ये माणूस दाखवला, तर टॅक्समध्ये सूट मिळेल अशी आशा. म्हणून आमची कुटुंबं इथे आटतात, तिथे फुगतात.

*

इक्बाल इलेक्ट्रिशियनने फी वाचवायला बायकोमुलांना म्हसळ्याला धाडलं. मग अन्वरला म्हणाला, "चौघांना डिपेंडंट लिहा."

"बायकोपोरांची अशी सूट भारतात नसते."

"मग तिचा तिथे तरी काय उपयोग?"

मी सुई खाली ठेवली. इक्बालचं लग्न मीच जमवलं होतं.

*

एक डॉक्टर आले. मोठ्या इस्पितळातले, बोलणं मऊ. म्हणाले, "वडिलांचा मेडिक्लेम मीच भरतो. त्याची सूट लावा."

अन्वरने पावती पाहिली. "डॉक्टर, पैसे वडिलांच्या खात्यातून गेलेत."

"हो, पण पासबुक माझ्याकडे असतं."

*

आता सलीम आणि नाझिम. सख्खे भाऊ, माझ्याच बिल्डिंगमध्ये समोरासमोर राहतात. त्यांची अम्मी, हमीदाभाभी, गावात आमची शेजारीण. घरात एकटी, गुडघे गेलेले. अम्मीच्या मेडिक्लेमची एकच पावती दोघांनीही आणली.

सलीम म्हणाला, "अम्मी माझ्यावर अवलंबून आहे."

नाझिम म्हणाला, "मी धाकटा. अम्मी पहिल्यापासून माझी."

अर्धा तास भांडले. आईवर एवढा जीव टाकणारे मुलगे मी पाहिले नव्हते. अन्वर कंटाळला, म्हणाला, "अर्धी-अर्धी लिहितो. खलास."

*

पुढच्या महिन्यात, आईला एकटं टाकल्याबद्दल गावाने नावं ठेवली, म्हणून सलीमने अम्मीला व्हिजिट व्हिसावर आणलं. जिन्यातच दोघांचं सुरू झालं.

"नाझिम, तुझ्याकडे एसी चांगला आहे."

"व्हिसा तू काढलास. तुझ्याकडेच ठेव."

बायकांनी आत हाका मारल्या. दोघे "आलोच" म्हणून आपापल्या घरात गेले. दोन्ही दारं लागली.

मी दुकानातून वर येत होतो. हमीदाभाभी दोन दारांच्या मधे बॅगेवर बसल्या होत्या. मी सलाम केला. पदर सावरून त्या हळूच म्हणाल्या,

"भाय, कागदावर मी दोघांकडेही आहे म्हणतात. आज जेवायला कोणाकडे आहे, तेवढं विचारून सांगाल?"