विल्फचा तिसरा चक

इंग्लंडात टॉडमॉर्डनला आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या परसात एक शेड, आणि प्रत्येक शेडमध्ये धातू कातायचं एक लेथ मशीन आणि बायकोपासून पळालेला एक म्हातारा. विल्फ बॉटमली तेवढा वेगळा. त्याच्या शेडमध्ये एडना स्वतः खुर्ची टाकून विणत बसायची. त्यावरून आम्ही त्या दोघांची केलेली थट्टा इथे छापण्यासारखी नाही.

विल्फ घरच्या लेथवर वाफेची छोटी इंजिनं बनवायचा. पण गल्लीला तो हवा असायचा चक साफ करायला. लेथच्या तोंडाशी गरगरणारा, तीन जबड्यांत काम धरून ठेवणारा तो जड गोळा. आत लोखंडाचा कीस साचला की त्याची पकड बिघडते. विल्फ जबडे काढायचा, रॉकेल आणि टूथब्रशनं आतला कोपरान् कोपरा घासायचा. तेल नावापुरतंच. "जास्त तेल म्हणजे किसाला आमंत्रण," म्हणायचा. मग जबड्यांवरचे आकडे बघून एक, दोन, तीन असे क्रमानं बसवायचे. क्रम चुकला की जबडे मध्यावर मिळत नाहीत, काम डगमगतं. माझा एकदा चुकला, तर "पर्सीला तीनपर्यंत मोजता येत नाही" ही बातमी विल्फनं पबमध्ये वर्षभर पुरवली.

गेल्या हिवाळ्यात त्यानं जाहीर केलं की त्याचा चक झिजला. नवा आणला. त्याची मागची तबकडी आपल्याच लेथवर कातून बसवली, कारण ती ज्या लेथवर कातावी त्यालाच सरळ बसते. तरी काम डगमगलं. "कारखान्यानं फसवलं!" म्हणून अजून एक आणला.

मी चहाला गेलो आणि म्हणालो, "तिसरा चक? लेका, बायको तरी एकच ठेवलीस."

"ती डगमगत नाही," विल्फ म्हणाला. खुर्चीतून एडना म्हणाली, "मेल्या, ऐकतेय मी."

मी हसत वाकून पाहिलं. एक, तीन, दोन.

"विल्फ, वाच जरा आकडे."

त्यानं चष्मा पुसला. एकेका जबड्यावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं, "एक. तीन. दोन." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बरोबर आहे की."

मला वाटलं, माझीच फिरकी घेतोय. मी एडनाकडे पाहिलं. तिच्या सुया थांबल्या होत्या.

फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, "परवा चक आवळायची चावी चकमध्येच विसरून मशीन चालू केलं त्यानं. चावी माझ्या कानाजवळून खिडकीतून गेली. डॉक्टर म्हणतात, लेथ बंद करा. लेथ बंद केला तर हा दिवसभर करेल काय, पर्सी? माणूस उरेल का माझा?"

मी म्हणालो, "लेथच्या मोटरचा पट्टा काढून ठेवतो. चक साफ करायला मोटर कशाला लागते?"

पट्टा काढला. विल्फनं विचारलं, तेव्हा दुकानातून यायचाय म्हणून सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग त्याचं विचारणं थांबलं.

तेव्हापासून गल्लीतले सगळे चक भलतेच घाण व्हायला लागले. आमच्यातल्या एका लबाडानं तर मुद्दाम मूठभर कीस आत कोंबला. विल्फ कुरकुरत, शिव्या देत घासायचा. आम्ही घरी जाऊन जबडे पुन्हा क्रमानं लावायचो आणि त्याबद्दल एकमेकांशीही बोलायचो नाही. मी! ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो मी!

काल कुणाचाच चक आला नव्हता, म्हणून एडनानं विल्फचा स्वतःचा जुना चक, इतकी सगळी वर्षं चाललेला, टेबलावर ठेवला. मी शेजारी बिस्कीट बुडवत होतो. विल्फनं जबडे काढले, आत पाहिलं, ब्रश तसाच खाली ठेवला.

"याला काही करायला नको," म्हणाला. "ज्याचा आहे त्यानं जीव लावलाय. कुणाचा गं हा?"

एडनानं तिन्ही जबडे पुसले आणि त्याच्यापुढे ओळीनं मांडले.

"आपल्यातल्याच एकाचा," ती म्हणाली. "सावकाश बसव. घाई नाही त्याला."