राख गिळणाऱ्या पेशी

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राजवळच्या राखेच्या विटांच्या कारखान्यात हाशम मिक्सरवर असतो. राख, चुना आणि दगडाचा बारीक कच ओतायचे, पाणी सोडायचे. राख पिठाहून मऊ; एकदा उडाली की बराच वेळ खाली बसत नाही. हाशम तोंडाला मास्क बांधायचा. गेल्या हिवाळ्यात त्याने तो सोडला, आणि त्याला निमित्त त्याची मुलगी झाली.

खुशनुमा जळगावला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. विभागाने पालकांना बोलावले होते. सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्य तिने पडद्यावर दाखवले: रक्तातली एक पांढरी पेशी यीस्टच्या कणाभोवती हळूहळू पसरते, त्याला वेढते आणि गिळते.

"हात नाहीत, तोंड नाही. मग ओढतं कोण?" हाशमने विचारले.

"आत बारीक धागे असतात, अब्बा. मायोसिन नावाची प्रथिनं ते ओढतात. दोरी ओढली की गोणीचं तोंड आवळतं ना, तसं."

"म्हणजे हमाल."

"तसंच समजा."

"राख पण गिळते?"

"गिळते," म्हणून खुशनुमा पुढच्या पालकांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मास्क खिळ्यालाच राहिला. मिक्सरवरचा जोडीदार लोटन एरंडोलकडचा. त्याने विचारले, "हाशमभाऊ, आज तोंड उघडं?"

"आत हमाल आहेत. सगळी राख गिळून टाकतात."

"बठ्ठी? मंग त्या हमालसले मजुरी कोन देस?"

थट्टा केली खरी, पण आठवडाभरात लोटनचाही मास्क सुटला.

हाशमचा खोकला वाढला तेव्हा त्याच्या बायकोने, हसीनाबीने, मुलीला फोन केला. "काय शिकवून पाठवलंस बापाला? खोकून खोकून बेजार, आणि वर मलाच सांगतात, शास्त्र आहे म्हणून."

खुशनुमाने वाद घातला नाही. कारखान्यातली चिमूटभर राख मागवली, तशाच पेशींना दिली आणि त्याचे चित्रीकरण घेऊन रविवारी घरी आली.

मोबाइलवर पेशीने एक कण गिळला, मग दुसरा, तिसरा. चौथ्याभोवती पसरली आणि अर्ध्यावरच थांबली. पुन्हा हललीच नाही.

"दमले हमाल?"

"यीस्ट पचतं, अब्बा. राख पचत नाही. आत पडून राहते आणि पेशीच मरते."

"मग ती राख?"

"बाहेर पडते. दुसरी पेशी गिळते."

"आणि ती?"

"तीही मरते."

हाशमने चित्रीकरण पुन्हा लावायला सांगितले. ते संपल्यावर म्हणाला, "इतक्या दिवसांची आत गेली, तिचं काय?"

"थोडी खोकल्यातून निघते. किती उरली, ते मला इथे बसून सांगता येणार नाही. एक्स-रे काढा."

सोमवारी तो मास्क लावून कामावर गेला. लोटनला म्हणाला, "तुलाही मी चुकीचं सांगितलं. सुट्टीच्या दिवशी भुसावळला चल, छातीचा फोटो काढू."

"माले काय व्हयनं? मी नही येत."

सुट्टीच्या दिवशी रिक्षात लोटन आधीच बसलेला होता. दवाखान्याच्या खिडकीशी मात्र दोघे एकमेकांना पुढे ढकलू लागले. शेवटी हाशम पुढे झाला. आतल्या बाईंनी नाव, वय आणि काम विचारले.

"राखेच्या विटा," तो म्हणाला. "दोघांचंही तेच लिहा."